घर बुडायच्या आधी वाट बुडते: प्रयाग चिखलीच्या महापुराचं प्रकरण

२२ जुलै २०२१ ला सह्याद्रीच्या माथ्यावर जो पाऊस कोसळला, त्याने पश्चिमेला वाशिष्ठी फुगवली आणि चिपळूण बुडवलं. घाटमाथ्याच्या अलीकडे तीच झोड कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीच्या खोऱ्यांत उतरली आणि दोन दिवसांत कोल्हापूर पाण्यात उभं राहिलं. चिपळूणच्या माणसाला पाऊस पडत असताना भरतीची वेळ बघावी लागते, कारण भरतीच्या वेळी नदीचं पाणी खाडीत शिरायला जागा मिळत नाही. कोल्हापूरला समुद्र नाही, भरती नाही. पण आमच्याकडे फुगवटा आहे, आणि मला आता खात्रीने वाटतं की फुगवटा न समजता कोल्हापूरच्या पुराबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

पंचगंगा प्रयाग संगमापासून पूर्वेला निघते आणि सुमारे ऐंशी किलोमीटर वळणं घेत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. उतार अगदी कमी. कृष्णा आधीच भरलेली असेल तर पंचगंगेचं पाणी वाडीपाशी अडतं, मागे सरकतं, शिरोळच्या रानात पसरतं, आणि हा अडथळा वरपर्यंत जाणवतो. वाडीला दत्ताच्या पादुकांवरून पाणी दक्षिण दरवाजाने बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक लांबून स्नानाला येतात. माझी आजी मात्र दक्षिणद्वाराची बातमी ऐकली की हात जोडायची आणि लगेच म्हणायची, "आता आपलं पानी जागचं हलायचं न्हाई." नदीचं शास्त्र तिने असंच शिकलेलं होतं.

मी ज्या गावाबद्दल लिहितोय ते प्रयाग चिखली, करवीर तालुक्यातलं, संगमाच्या अगदी उशाला. माझी आत्या तिथे दिली आहे. २०१९ ला तिच्या घरची माणसं बोटीतून काढावी लागली. २०२१ ला ती माणसं स्वतःच्या पायांनी, म्हशी घेऊन, आधीच बाहेर पडली. घर तेच, माणसं तीच, नदी तीच. मधल्या दोन वर्षांत काय बदललं, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

दोन गावठाणांचं गाव

चिखलीला पूर नवा नाही. १९८९ च्या पुरानंतर चिखली आणि शेजारच्या आंबेवाडीचं पुनर्वसन सोनतळीला करायचं ठरलं. सोनतळी म्हणजे शाहू महाराजांच्या कॅम्पाची उंचावरची जागा. तिथे भूखंड पडले, काहींनी घरं बांधली. म्हणजे कागदावर पाहिलं तर हा प्रश्न तीस वर्षांपूर्वीच सुटलेला आहे. म्हणून २०१९ ला टीव्हीवर चिखलीच्या गच्च्यांवर उभी असलेली माणसं दिसली तेव्हा शहरातले कितीतरी लोक सहज म्हणाले, "जागा दिलीय की वर, मग खाली कशाला राहतात?"

हा प्रश्न मला फार लागला होता, कारण विचारणाऱ्यांत मीही होतो. आत्याला मी तो थेट विचारला. ती चिडली नाही. तिने मला गोठा दाखवला.

सोनतळीचा भूखंड घराच्या मापाचा आहे. शेतकऱ्याचं घर म्हणजे चार भिंती आणि छप्पर नव्हे. त्यात गोठा येतो, भाताचं पिंजर रचायला जागा येते, शेणकूट लावायला, शेणी थापायला, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर लावायला अंगण येतं. रान खाली नदीकाठी. पहाटे चारला धार काढून दूध संस्थेत घालायचं, मग वैरणीला रानात जायचं. माणूस सोनतळीला आणि म्हशी चिखलीला, असं रोजचं जगणं चालत नाही. शिवाय तीस वर्षांत घरं वाढली. एका भावाच्या नावावर भूखंड, तर दुसऱ्या दोघांनी जायचं कुठं? कोणाच्या मालकीच्या कागदाचा प्रश्न रेंगाळला, कोणाचं बांधकाम जोत्यावर थांबलं. त्यामुळे झालं असं की तरणी पोरं, शाळेतली मुलं वर गेली आणि म्हातारी माणसं जनावरांपाशी खाली राहिली. म्हणजे ज्यांना पुरात चालणं सर्वांत अवघड, नेमकी तीच माणसं काठावर.

२०१९: पाचच्या सालची खूण

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूर शहराजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि ती ५५ फुटांच्या वर जाऊन थांबली. (इशारा पातळी ३९ फुटांची. कोल्हापुरात पावसाळ्यात शाळकरी पोरालाही हे दोन आकडे पाठ असतात.) धरणं आधीच भरत आलेली होती. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, कोणाच्या हुकुमाची वाट बघत नाहीत. तिकडे खाली कर्नाटकात, कृष्णेवरच्या आलमट्टी धरणातून विसर्ग वाढत वाढत पाच लाख क्युसेकच्या वर गेला. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. बालिंगा, शिंगणापूरची पाणी उपसा केंद्रं बुडाल्याने शहराला प्यायचं पाणी नव्हतं, पेट्रोल फक्त अत्यावश्यक गाड्यांना मिळत होतं.

आत्याच्या घरी मात्र सुरुवातीला घाई नव्हती. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, ओसरीवर बसून खांबाकडे बघत होते. खांबावर खिळ्याने कोरलेली एक रेघ होती, २००५ च्या पुराची. मी फोनवर म्हणालो, "मामा, निघा आता." ते म्हणाले, "आरं, पाचच्या साली बी आलंतं की. हितवर आलं आन् माघारी गेलं. म्हसरं सोडून कुठं यिऊ?"

मला त्या दिवशी हा हट्ट वाटला. आता तसं वाटत नाही. मामांजवळ एक माप होतं आणि ते स्वतः पाहिलेलं, स्वतः कोरलेलं होतं. चौदा वर्षं ते खरं ठरलं होतं. रेडिओवरच्या फुटांपेक्षा माणूस आपल्या खांबावरच्या रेघेवर विश्वास ठेवणारच. २०१९ ला ती रेघ रात्रीतून बुडाली. सकाळी पाणी माळ्याच्या शिडीला लागलं होतं.

त्याहून घातक गोष्ट दुसरी. मामा घराकडे बघत होते आणि रस्ता मागच्या मागे गेला होता. चिखली-आंबेवाडीच्या रस्त्यावर पाणी गावात शिरायच्या कितीतरी आधी येतं. उंबरा कोरडा असतो, चूल पेटलेली असते, आणि गाव तोवर बेट झालेलं असतं. त्यानंतर निघायचं तर बोटच लागते. आणि बोटीत माणूस बसतं, म्हैस बसत नाही.

एनडीआरएफ, लष्कर, नौदल आले. व्हाईट आर्मी या स्वयंसेवी संस्थेची पोरं, गावोगावच्या तालमींची पोरं आली. गुऱ्हाळाच्या काहिली, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढया, कित्येकांनी पाण्यात घातल्या. आमच्या भागात पुरात काहिलीचा नावेसारखा वापर जुनाच आहे. माणसं वाचली. मामांनी निघण्याआधी पाच म्हशींची दावी कोयत्याने कापली. दोन पोहत उंचवट्याला लागल्या, दोन सापडल्याच नाहीत. पाचवी गाभण होती, ती गोठ्यातच राहिली. आत्या आजही तिचं नाव घेते, मी इथे घेत नाही.

त्याच पुरात ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला नाव उलटून १७ माणसं गेली. उशिरा निघणं म्हणजे काय, हे त्या बातमीने सगळ्या नदीकाठाला कळलं. पुढे जे बदललं त्यात त्या बातमीचा वाटा मोठा आहे.

म्हशीचा हिशेब

पूर ओसरल्यावर पंचनामे झाले. त्या साली सानुग्रह अनुदान ग्रामीण कुटुंबाला १०,००० आणि शहरी कुटुंबाला १५,००० रुपये मिळालं. जनावरांची भरपाई वेगळी. आपत्ती मदतीच्या २०२२ च्या निकषांत दुभत्या म्हशीला ३७,५०० रुपये धरले होते, आणि तेही एका घरामागे तीन मोठ्या जनावरांपर्यंत. कोल्हापूरच्या बाजारात चांगली दुधाची म्हैस लाखाच्या खाली बघायलाही मिळत नाही. शिवाय म्हैस म्हणजे दर दहा दिवसांनी हातात येणारं दुधाचं बिल. उसाचं बिल वर्षातून एकदा येतं, त्यातून सोसायटीचं कर्ज कापून जातं; घर चालतं ते दुधावर. ही बेरीज मांडली की मामा पाण्यात का थांबले ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ते आपली रोजची भाकरी सोडून जायला तयार नव्हते.

स्थलांतराच्या सगळ्या सूचना माणसांसाठी असतात. अमुक शाळेत सोय, अमुक मंगल कार्यालयात जेवण. त्या शाळेच्या आवारात म्हैस बांधता येईल का, तिथे वैरण आहे का, सकाळचं दूध कोण गोळा करणार, याचं उत्तर सूचनेत नसतं. ते उत्तर मिळेपर्यंत गोठेवाला घर सोडत नाही. माझ्या मते चिखलीच्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. आधी म्हशीची सोय करा, माणूस तिच्या मागोमाग येतो.

२०२१: उलट्या क्रमाने

२०१९ नंतरच्या उन्हाळ्यात आत्याच्या आळीतल्या पाच-सहा घरांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. सभा नाही, ठराव नाही. पारावर बसून ठरलं.

पहिलं ठरलं ते जनावरांचं. सोनतळीला ज्यांचे भूखंड रिकामे होते त्यांनी तात्पुरत्या गोठ्याला जागा द्यायची. बांबू, पत्रे, दावणीला लाकडं मे महिन्यातच वर नेऊन ठेवायची. पिंजराची अर्धी गंज वरच रचायची. हे शेवटचं सांगायला सोपं आहे, पण पुराच्या आधी दोन दिवस पावसात भिजलेली वैरण वर नेणं ज्याने केलंय त्यालाच त्याची किंमत कळेल.

दुसरं, माप बदललं. राजाराम बंधारा कसबा बावड्याला, म्हणजे चिखलीच्या खाली आहे. पाणी आधी आमच्याकडून जातं आणि मग तिथल्या पट्टीवर दिसतं. शहरासाठी ते माप ठीक. चिखलीसाठी वरच्या नद्यांवर काय चाललंय ते कळायला हवं. म्हणून तिकडच्या पाहुण्यांना फोन करायचे: गगनबावड्याला किती झोड आहे, कुंभी-कासारीवरचे बंधारे बुडाले का, राधानगरी किती भरलंय. गगनबावडा तालुक्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि कोल्हापूर शहरात त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका. आपल्या दारात ऊन पडलं म्हणून नदी शांत राहील, असं इथे समजून चालत नाही.

आणि निघायची खूण खांबावरून काढून रस्त्यावर नेली. रस्त्याच्या सखल मोरीवर विजेचा एक खांब आहे, त्यावर तांबड्या रंगाने पट्टा मारला. तो पट्टा भिजायच्या आत म्हशी मोरी ओलांडून गेलेल्या पाहिजेत. घरात पाणी येईल की नाही हा वाद तिथेच संपतो. नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी वर काढायची ज्या दिवशी सुरुवात होते, त्याच दिवशी पट्ट्याकडे लक्ष ठेवायला एक पोरगं नेमायचं.

२२ जुलैला दुपारी फोन आला. पाऊस असा होता की अंगणातलं तुळशीवृंदावन दिसत नव्हतं. मोटारी वर आलेल्या होत्या. मामा कुरकुरले, "आजून लई येळ हाय." पण आत्याने दावं सोडलं. संध्याकाळी अंधार पडायच्या आत आळीतल्या म्हशी सोनतळीला बांधल्या गेल्या. मामा शेवटच्या म्हशीमागून चालत गेले, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन. त्या वर्षी पाणी चढलं ते २०१९ सारखं दमादमाने नाही, अक्षरशः तासातासाने. धोका पातळीच्या दहा फुटांहून जास्त वर गेलं. २०१९ च्या सवयीने कोणी "उद्या बघू" म्हणालं असतं तर उद्या रस्ताच नव्हता. घरात पुन्हा माळ्यापर्यंत पाणी, भिंतीचा एक कोपरा बसला, धान्याची कणगी गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सोनतळीला धार निघाली. कोरोनाचे दिवस होते, शाळेच्या खोलीत पन्नास माणसं झोपवायची भीती होती; गोठ्याशेजारी ताडपत्री टाकून राहिलेल्यांना ती भीतीही कमी लागली.

शहरात असंच शहाणपण सुतारवाड्यात आहे. तिथली कुटुंबं दर मोठ्या पुराला चित्रदुर्ग मठात जातात. मठ ठरलेला, वाट ठरलेली, म्हणून वाद नाही.

पाणी उतरतं तेव्हा

पुराबद्दल बोलताना सगळे पाणी चढण्याबद्दल बोलतात. नदीकाठच्या शेतकऱ्याचं दुसरं नुकसान पाणी उतरताना होतं. आठवडाभर पाण्यात राहिलेली दरड आतून भिजून जड झालेली असते. नदी भरलेली असते तोवर बाहेरच्या पाण्याचा तिला टेकू असतो. पाणी झपाट्याने उतरलं की टेकू जातो आणि दरड उभीच्या उभी पात्रात बसते. २०१९ नंतर मामांच्या मळीतल्या दोन सऱ्या गेल्या, २०२१ नंतर आणखी एक, शिवाय बांधावरचं जांभळाचं झाड. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच आहे; सऱ्या नदीत आहेत. मदतीच्या २०२२ च्या निकषांत नदीने खाल्लेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये होते, लहान आणि सीमांत शेतकऱ्याला. तीन सऱ्यांचं हेक्टर होत नाही, त्यामुळे अर्ज कोणी केलाच नाही.

दरड का खचते याचं अर्धं उत्तर पाण्यात आहे आणि अर्धं आमच्यात. पूर्वी काठाला वाळुंज, करंज, उंबर, बांबूची बेटं होती, ओलीत वाळा होता. उसाची आणखी एक सरी बसावी म्हणून आम्हीच काठ मोकळा केला. विटांसाठी माती काढायला दिली. मामांनी आता दरडीपासून दोन सऱ्या सोडून बांबू लावलाय, उताराला वाळ्याचे ठोंब. शेजारी म्हणतात रान फुकट घालवलं. बांबूला मुळं धरायला तीन-चार वर्षं लागतात. तोवर दरवर्षी श्रावणात ते जाऊन मोजतात, काठ किती मागे सरकला.

उसाचं म्हणाल तर तो पाण्यात तग धरतो, शेंडा वर असेल तर. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोंबात, गाळ गेला की वाढ संपली. मग कांड्यांना पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात, ऊस आतून पोकळ होतो, वजन आणि साखर दोन्ही उतरतात. दोन्ही पुरांनंतर चिखलीचा ऊस लांबून हिरवा दिसत होता. कोयता लावल्यावर खरं कळलं.

आलमट्टी, भराव आणि आपण

या विषयावर कोल्हापुरात बोललं की आलमट्टीचं नाव निघतंच. २०१९ नंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने पुराचं मुख्य खापर आलमट्टीवर फोडलं नाही. अतिवृष्टी आणि नदीच्या पूरक्षेत्रातली अतिक्रमणं तिने पुढे आणली. शिरोळच्या शेतकऱ्याला ते पटत नाही, कारण पाणी त्याच्या रानात थांबलेलं तो डोळ्यांनी बघतो. आलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याला इथला विरोध त्यातूनच आहे, आणि तो मला रास्त वाटतो. खाली पाणी जरा जरी जास्त थांबण्याची शक्यता असेल, तर फुगवट्याच्या नदीवर राहणाऱ्या माणसाने गप्प बसू नये.

पण चिखलीपुरतं बोलायचं तर आलमट्टी दूर आहे, शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव जवळ आहे. पूरक्षेत्रात आडवा बांध घातल्यासारखा तो पडलाय. पाण्याला जायला पुलाखालच्या मोऱ्या तेवढ्या. भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता हवा, ही मागणी २०१९ पासून जोरात आहे. आणि शहरात निळ्या पूररेषेच्या आत (सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा) भर टाकून इमारती उभ्या राहिल्या, तिथे मावणारं पाणी कुठेतरी दुसऱ्याच्या दारात गेलंच. त्यात आमच्यासारख्या शहरात फ्लॅट घेणाऱ्यांचा हात आहे. मी माझा फ्लॅट घेताना पूररेषेचा नकाशा मागितला नव्हता.

अजून राहिलेलं

जुलै २०२४ ला पंचगंगा ४७ फुटांच्या आसपास गेली. चिखली-आंबेवाडीची माणसं, जनावरं पुन्हा सोनतळीला हलली. मी त्या संध्याकाळी गेलो होतो. पत्र्यावर पाऊस वाजत होता, दावणीला सात म्हशी, खाली चिखल पिंढरीपर्यंत. गोठा अजून तात्पुरताच आहे. बांबू कुजले की बदलायचे. पाण्याचा नळ घरांना आहे, गोठ्याला नाही. सात म्हशींना प्यायला पाणी टँकरने, आणि तो रात्री उशिरा येतो. दुधाची गाडी मात्र वर येऊ लागली आहे. तिच्यासाठी आत्याने चार दिवस भांडून वेळ ठरवून घेतली. पक्क्या गोठ्याला जागा द्या, एवढा अर्ज आळीतल्या घरांनी दिलाय.

मामा बाहेर पोत्यावर बसले होते. मी विचारलं, "पट्टा भिजला का?"

"अजून एक वीत हाय," ते म्हणाले. "पर तू आता खाली जाऊ नगंस. धार काढून झाली की च्या घिऊन जा."